परिच्छेद चौथा नाकबूल

कायद्याचं इंग्रजी शिकून आपल्या पदरात काय पडणार, याचा हिशेब सदरहूने कॉलेजात नाव घालायच्या आधीच मांडून ठेवला होता. पहिली बाजू मानाची. बारावीच्या निकालाच्या दिवशी ज्या काकांनी त्याच्या पाठीवर ‘असू दे, असू दे’ म्हणत थोपटलं होतं, त्यांनी पुढे कधीतरी उठून त्याला खुर्ची द्यावी, एवढा मान त्याला पुरे होता. मग काळा कोट. तो अंगावर चढला की माणूस आतून कसाही असो, बाहेरून मुद्देसूद दिसतो. पण खरी जमेची बाजू होती ती आत्याची पुढची खोली.

घर दोन मजल्यांचं. वर सदरहू, त्याची धाकटी बहीण, आई आणि बाबा. खाली आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. इस्पितळात मेट्रन म्हणून उभा जन्म काढून ती निवृत्त झाली होती, लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती आणि खालचा मजला तिच्या नावावर होता. त्याची पुढची खोली थेट रस्त्यावर उघडत होती. दाराला दोन पायऱ्या, शेजारी पाटी लावायला हवी तेवढी भिंत, समोर बेकरी असल्यामुळे सकाळपासून माणसांची वर्दळ. वकिलाला आणखी काय लागतं? आत्याने एकदा जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “तू वकील झालास की ही खोली तुझी. पाटी मात्र लोकांना वाचता येईल अशी लाव.” तेव्हापासून सदरहू रस्त्याने येताना त्या भिंतीकडे असं बघायचा, जसं एखादा हौशी नवरदेव सासरच्या घराकडे बघतो.

‘सदरहू’ हे नाव बहिणीने ठेवलेलं. कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यात तो न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून म्हणाला होता, “सदरहू टॉवेल माझा असून तो इतर कोणीही वापरू नये.” टॉवेल बहिणीने वापरायचा तो वापरलाच, पण नाव कायमचं चिकटलं.

सदरहूचं शिक्षण सगळं मराठीतून झालेलं. इंग्रजी त्याला येत होतं, पण ते अर्ज करण्यापुरतं आणि आजारी असल्याचं कळवण्यापुरतं. कायद्याच्या इंग्रजीच्या पहिल्या तासाला सरांनी एक वाक्य वाचायला घेतलं. ते एका पानावर सुरू झालं, दुसऱ्या पानावर गेलं, वाटेत तीन ठिकाणी थांबल्यासारखं करून पुन्हा चालू लागलं आणि संपलं तेव्हा मागच्या बाकावरचे दोघे झोपले होते. सदरहूला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, आणि तो तिथल्या तिथे प्रेमात पडला. ज्या भाषेतलं वाक्य संपेपर्यंत समोरच्याचा राग शिळा होतो, त्या भाषेत आपल्याला उलट उत्तर कोण देणार, हे त्याच्या बरोबर ध्यानात आलं होतं.

सरांना पोरं ‘विदाउट सर’ म्हणायची. ‘विदाउट प्रेज्युडिस’ हा त्यांचा लाडका शब्दप्रयोग. आत्ता जे बोलतोय ते उद्या माझ्या अंगाला लावायचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. वकील मंडळी तो पत्राच्या डोक्यावर लिहितात. सर तो जगण्याच्या डोक्यावर लिहीत. कँटीनमध्ये ते उदारपणे म्हणायचे, “आज सगळ्यांचा चहा माझ्याकडे, विदाउट प्रेज्युडिस,” आणि चहा संपायच्या आत तासाला निघून जायचे. सकाळी शिकवायचे, दुपारनंतर वकिली करायचे. त्यांचं ऑफिस एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. उंच अशील आला की त्याला कंबरेत वाकून आत यावं लागे. “न्यायासमोर वाकावंच लागतं,” सर म्हणत. पण शेजारच्या झेरॉक्सच्या मशीनची गरम हवा दिवसभर अंगावर येई, त्यावर त्यांना काही सुभाषित सुचलं नव्हतं.

या सरांनी वर्गाला एक मंत्र दिला. “समोरच्याने नोटिशीत जे लिहिलंय, त्यातलं जे तुम्ही नाकारत नाही, ते तुम्हाला कबूल आहे असं कायदा धरतो. म्हणून परिच्छेद एक, नाकबूल. परिच्छेद दोन, नाकबूल. आधी नाकारा, मग वाचा.” वर्ग हसला. सदरहू हसला नाही. त्याने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याभोवती चौकट काढली. पुढे सरांनी जाहीर केलं की सत्राअखेर प्रत्येकाने एका खऱ्याखुऱ्या पत्राला कायद्याच्या इंग्रजीत उत्तर लिहून आणायचं, आणि ज्याचा मसुदा सर्वांत चांगला, त्याला ते आपल्या हाताखाली घेणार. पोरांनी मोबाइल कंपन्यांची पत्रं शोधली, कुणी बँकेचं. सदरहूच्या घरी कुणी साधी धमकीसुद्धा देत नसे. बाबांचं चष्म्याचं दुकान. त्यांच्या वाटेला कोण जाणार?

आणि अशात आत्याचं पत्र आलं.

भानगड साधी होती. वरच्या न्हाणीघराचा पाइप गळत होता आणि पाणी आत्याच्या स्वयंपाकघरात ठिबकत होतं. बाबा रोज संध्याकाळी दुकानातून आले की वर जायच्या आधी तिच्याकडे चहा प्यायचे आणि रोज म्हणायचे, “उद्या प्लंबर आणतो, ताई.” हा उद्या काही उजाडत नव्हता. मेट्रनबाईंना नोकरीत एक सवय लागली होती. सांगून काम झालं नाही की त्या लिहून देत, आणि लिहायचं तर आकडे घालून लिहीत, म्हणजे रात्रपाळीच्या नर्सला ‘मला दिसलं नाही’ म्हणायला जागा उरत नसे. तसंच हे पत्र त्यांनी लिहिलं आणि भाचीच्या हाती वर पाठवलं.

“१. मी तुझी थोरली बहीण. आई गेल्यावर तुला मी वाढवलं. हे ऐकवायचं म्हणून नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

२. तुमच्या न्हाणीघरातलं पाणी माझ्या ओट्यावर गळतं. बादली लावली आहे.

३. प्लंबर आणतो असं तू कितीदा म्हणालास ते तुलाच माहीत.

४. पुढची खोली पोराला द्यायची हे मी पक्कं केलं आहे. पण ओल तिथवर गेली तर त्याच्या पुस्तकांना बुरशी लागेल. म्हणून घाई.

५. रागावलेली नाही. चहाला ये.”

बाबांनी ते वाचलं, “उद्या आणतोच,” म्हणाले आणि झोपले. सदरहूने मात्र ते पाहिलं आणि त्याचे डोळे लकाकले. आकडे घातलेले परिच्छेद, वस्तुस्थितीचं कथन, मागणी, खाली सही. ही तर नोटीस होती.

दोन दिवस तो शब्दकोश आणि सरांनी दिलेले जुने मसुदे घेऊन दार लावून बसला. आई म्हणाली, “अरे, एक जिना उतरलास तर तोंडी सांगून होईल. पायऱ्या झिजणार आहेत का?” तो म्हणाला, “तोंडी बोललेल्याला पुरावा नसतो.” आईने पुढे काही विचारलं नाही. ती या घरात सून म्हणून आलेली होती, पुराव्याशिवाय बोललेलं किती टिकतं ते तिला त्याच्याहून चांगलं ठाऊक होतं.

बहीण मात्र त्याच्या खांद्यावरून वाचत होती. “हे काय लिहिलंयस पहिल्यात?”

“पत्र पाठवणारी ही माझ्या अशिलाची बहीण आहे, हे नाकबूल. तिने ते पुराव्यानिशी सिद्ध करावं.”

“आत्याने? बाबांची बहीण असल्याचं?”

“व्यक्तिशः काही नसतं त्यात. पद्धत आहे.”

“आणि दुसरं?”

सदरहूने घसा साफ केला. याच परिच्छेदाचा त्याला फार अभिमान होता. “पाणी गळत नाही. गळत असल्यास ते आमचं नाही. आमचं असल्यास गळण्याला आम्ही कारण नाही. आणि कसंही असलं तरी ते बादलीत जमा होत असल्यामुळे नुकसान झालेलं नाही.”

बहीण पलंगावर आडवी होऊन हसली. मग तिने पुढचं वाचलं आणि उठून बसली. “चौथ्यात काय केलंस तू? खोली तुला देणार असं ती म्हणतेय.”

“हो. नाकबूल.”

“अरे, पण ते तुझ्या फायद्याचं आहे.”

“तेच तर तुम्हा लोकांना कळत नाही,” सदरहू म्हणाला. त्याच्या आवाजाने आत्तापासूनच कोट घातला होता. “एक परिच्छेद सोडला तर कायदा म्हणतो, तुम्ही निवडून नाकारताय, म्हणजे बाकीचं संशयास्पद. नाकारायचं तर सगळं. ‘खोली देण्याचा इरादा पत्र पाठवणारीने कधीही केला नव्हता, सदर कथन खोटं, खोडसाळ आणि मागाहून सुचलेलं आहे.’ बघ, कसं घट्ट बसलंय.”

“उंटावरचा शहाणा,” बहीण म्हणाली आणि अभ्यासाला गेली.

पाचव्या परिच्छेदात चहाचं निमंत्रण संपूर्णपणे, सर्वांशाने आणि तपशीलवार नाकारलेलं होतं. डोक्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ होतंच.

सही बाबांचीच हवी होती. सदरहू कागद घेऊन दुकानात गेला. बाबांनी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली होती आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून ते म्हणत होते, “सगळ्यांत खालची ओळ वाचा. घाई नको. बारीक असतं तिथेच चूक होते.”

“बाबा, आत्याच्या पत्राचं उत्तर. इथे सही.”

“पाइप करून घेतो असं लिहिलंयस ना?”

“त्या अनुषंगानेच आहे.”

बाबांनी पहिलं पान डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं. पोराचं इंग्रजी. छापल्यासारखं. त्यांना त्यातलं फारसं कळलं नाही, म्हणून त्यांची छाती भरून आली. त्यांनी गिऱ्हाइकाला तो कागद दुरून दाखवलासुद्धा. “आमचा मुलगा,” म्हणाले, आणि सही ठोकली.

सरांनी मसुदा तपासला आणि वर्गात उंच धरला. “याला म्हणतात नाकारणं. श्वास घ्यायला फट ठेवलेली नाही. हा माझ्याकडे येणार, विदाउट प्रेज्युडिस.” तो मसुदा कोणाच्या विरुद्ध आहे, हे त्यांनी विचारलं नाही. चांगला वैद्य रोगाचं कौतुक करतो तेव्हा रोग्याचं नाव विचारत नाही.

मग सदरहूने सहीचा कागद पोस्टात जाऊन रजिस्टर केला. हातात देणं पद्धतीला धरून नव्हतं. पत्र वरच्या मजल्यावरून निघालं, गावभर फिरलं आणि दोन दिवसांनी खालच्या मजल्यावर पोचलं.

पोस्टमनने पाकीट दोनदा वाचलं. “बाई, वरच्यांचं आणि तुमचं बोलणं बंद आहे का?”

“कालच्या चहापर्यंत तरी चालू होतं,” आत्या म्हणाली आणि तिने पोचपावतीवर सही केली.

इस्पितळातल्या इंग्रजीवर आत्याने डॉक्टरांच्या तीन पिढ्या सांभाळल्या होत्या. पण इथे वाक्यच संपत नव्हतं. कर्ता सापडेपर्यंत क्रियापद हरवायचं. आपल्यावर काहीतरी दावा झालाय एवढंच तिला वाटलं. ती छत्री घेऊन निघाली आणि जवळात जवळ वकिलाची पाटी होती तिथे गेली. पाटी जिन्याखाली होती. आत्या बुटकी, तिला वाकावं लागलं नाही.

विदाउट सरांनी कागद ओळखला. “हा आमच्या एका विद्यार्थ्याचा मसुदा. उत्कृष्ट आहे.”

“उत्कृष्ट असेल. त्यात माझं काय काय नाही म्हटलंय, तेवढं मराठीत सांगा.”

सरांनी सांगितलं. पहिल्या परिच्छेदाला आत्याने पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. दुसऱ्याला ती चक्क हसली. “आमचं असल्यास गळण्याला कारण नाही. वा. इस्पितळात असं बोलणारा एक वॉर्डबॉय होता.” चौथा परिच्छेद ऐकून ती म्हणाली, “हा पुन्हा वाचा.”

सरांनी पुन्हा वाचला. “याची काळजी नको, बाई. उलट हा तुमच्या सोयीचा आहे. ती खोली कुणाला द्यायचं तुम्ही कधी कबूल केलेलं नव्हतं, हे त्यांनीच लिहून दिलंय, तुमच्या भावाच्या सहीनिशी. उद्या कुणी तोंडी वचनाचं बोललं तर हा कागद पुढे करायचा.” मग सरांनी कागद खाली ठेवला. मागे झेरॉक्सचं मशीन सुरू झालं आणि त्यांच्या मानेवर गरम हवेचा लोट आला. “ही खोली,” ते म्हणाले, “रस्त्यावर उघडते का?”

त्या संध्याकाळी बाबा नेहमीसारखे खाली चहाला गेले. दार उघडंच होतं, पण आत्या दारात उभी होती.

“कोण आपण?”

“ताई, काय थट्टा लावलीस.”

“थट्टा नाही. तुमच्या पत्रात पहिल्याच कलमात आहे, मी तुमची बहीण नाही. परक्या पुरुषाला मी घरात घेत नाही.”

बाबांनी तो कागद पहिल्यांदा समजून घेतला तो तिथे, उंबऱ्यावर, आत्याच्या तोंडून. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “अगं, ते पोराचं इंग्रजी आहे.”

“सही कुणाची आहे?”

“माझी.”

“वाचून केलीस?”

बाबा काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवू लागले.

“आयुष्यभर लोकांना खालची ओळ वाचायला लावलीस,” आत्या म्हणाली. “नाकारायचं होतं तर पाइप नाकारायचा होतास रे. मला कशाला?” आणि तिने दार लावून घेतलं, आदळलं नाही. आदळलं असतं तर बाबांना बरं वाटलं असतं.

सदरहूला यातलं काही लागलं नाही. तो सरांच्या हाताखाली रुजू होण्याच्या आनंदात होता. सर म्हणाले, “एक तारखेपासून ये. मी ऑफिस बदलतोय. नवा पत्ता लिहून घे.” सदरहूने वही उघडली. सरांनी रस्ता सांगितला, त्याने लिहिला. बेकरीसमोर, सांगितलं, लिहिलं. घर क्रमांक सांगितला, आणि त्याचं पेन थांबलं. स्वतःच्या घराचा पत्ता आजवर त्याने हजारदा लिहिला असेल, पण तो कुणी त्याला सांगतोय आणि आपण ऐकतोय, असं प्रथमच घडत होतं.

तो धावत आत्याकडे गेला. “आत्या, ती खोली तू मला देणार होतीस.”

“मी? कधी?” आत्या भाजी निवडत होती. “परिच्छेद चौथा बघ. खोटं, खोडसाळ आणि मागाहून सुचलेलं. तीन तीन विशेषणं लावलीस. एकाने भागलं असतं.”

“पण ती पद्धत असते, आत्या. व्यक्तिशः काही नसतं त्यात.”

“माझंही व्यक्तिशः काही नाही,” आत्या म्हणाली. “भाडेकरू शांत आहे, पाटी वाचता येईल अशी लावतो म्हणाला. तू जिना उतरलास की ऑफिसात. डबा न्यायलाही नको.”

महिन्याच्या आत भिंतीवर पाटी लागली. सदरहू सकाळी कॉलेजात जाई, दुपारी कोट घालून जिना उतरे आणि त्या खोलीत, दाराजवळच्या स्टुलावर, सर येईपर्यंत बसे. खुर्च्या दोनच होत्या, एक सरांची आणि एक अशिलाची. पहिलं काम त्याला मिळालं ते असं: आपल्या घरमालकीण बाईंच्या स्वयंपाकघरात वरच्या मजल्यावरून पाणी गळतं, ओल ऑफिसच्या कागदांकडे सरकतेय, तरी वरच्या रहिवाशाला नोटीस लिही. सदरहूने लिहिली. तोवर त्याचा हात बसला होता. नोटीस फारच सुंदर झाली. त्यात पाणी निःसंशय गळत होतं, निःसंशय वरच्यांचं होतं आणि बादली ही नुकसानीचाच पुरावा होती.

त्याने ती रजिस्टर केली. चौथ्या दिवशी बाबांनी पाकीट फोडलं, आपल्या पोराचं इंग्रजी ओळखलं, आणि या वेळी डोळ्यांवर चष्मा चढवून, शब्दकोश शेजारी ठेवून, पहिल्यापासून खालच्या ओळीपर्यंत वाचलं.

“मी उत्तर लिहून देतो,” सदरहू म्हणाला. “दोन्ही बाजूंचं मला येतं.”

“नको,” बाबा म्हणाले आणि त्यांनी मुलीला हाक मारली. “घे कागद. मराठीत लिही. ‘ताई, पाइप आमचाच गळतो. उद्या नाही, आज प्लंबर आणतो. चूक माझी.’ झालं. आण इकडे, वाचतो आणि मग सही करतो.”

सदरहू कळवळला. “बाबा, ही सगळी कबुली आहे. एक वाक्य नाकारलेलं नाही.”

“हो,” बाबा म्हणाले.

प्लंबर आला, त्याने एक जोड बदलला, चहा पिऊन गेला. पाणी थांबलं.

बाबा पुन्हा खाली चहाला जाऊ लागले. आत्या बसा म्हणते, बिस्कीट पुढे करते, तब्येतीची चौकशी करते. फक्त पूर्वी त्यांना कानाचा टवका उडालेला त्यांचा जुना मग मिळायचा, तो आता मिळत नाही. पाहुण्यांची कपबशी मिळते. बाबा ती दोन्ही हातांनी धरतात आणि सांडू नये म्हणून सावकाश पितात.

आता हिशेबाचं. आत्याला कोरडं छत मिळालं आणि बोलावलं तर येणारा भाडेकरू, भाऊ मात्र अर्धाच परत मिळाला. बाबांचा मग गेला. सरांना रस्त्यावरची खोली मिळाली आणि जिन्याखालची हवा सुटली, त्यांच्या नावावर खर्चाचा एकही आकडा नाही. सदरहूला जे हवं होतं ते तर सगळंच मिळालं: कोट मिळाला, इंग्रजी मिळालं, खोलीत जागासुद्धा मिळाली, दाराजवळ.

नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी सर सगळ्यांना म्हणाले होते, “आजचा चहा माझ्याकडून, विदाउट प्रेज्युडिस.” चहा आत्याने केला. कप सदरहूने विसळले.